साडेसातशेवर चढलेलं घर

टायर तापला आहे की नाही हे बघायला हाताची पाठ लावायची असते, तळवा नाही. आमच्या धंद्यात तळव्याची कातडी इतकी जाड होते की तिला खरं-खोटं कळत नाही. बल्लारपूरला ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो त्यांनी हे पहिल्यांदा दाखवलं. पुढे आलापल्लीच्या चौकात स्वतःचं दुकान टाकलं तरी ती सवय राहिली. ट्रक थांबला की ड्रायव्हर चहाला जातो आणि मी त्याच्या चाकांना हात लावत फिरतो. नवख्या माणसाला वाटतं, मी पाया पडून राह्यलो. तसं समजलं तरी माझी हरकत नाही.

दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा असा संपादकांचा निरोप आला तेव्हा माझी बायको राजक्का म्हणाली, ‘‘पंक्चरवाल्याचं काय वाचतील लोक?’’ आमचं घर मूळचं सिरोंच्याकडचं, तेलंगणाच्या सीमेवरचं, त्यामुळे हे ती तेलुगूत म्हणाली, आणि तेलुगूत ते जास्त लागतं. पण गंमत अशी आहे की टायरवाल्याकडे कोणी खुशीनं येत नाही. माणूस अडला म्हणजेच येतो, आणि अडलेला माणूस जसा असतो तसाच दिसतो. एवढ्या वर्षांत मी माणसं फार जवळून पाहिली.

एकदा एक धानवाला शेतकरी ट्रॅक्टरचं चाक गळतं म्हणून आला. मी वॉल्व दाबला तर हवेच्या जागी पाण्याची धार निघाली आणि माझा सदरा भिजला. बाहेरच्यांना सांगतो, रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत चिखलात चाक जागच्या जागी फिरू नये म्हणून ट्रॅक्टरच्या टायरात पाणी भरतात. वजन वाढतं, पकड येते. तो शेतकरी गंभीर चेहऱ्यानं मला म्हणाला, ‘‘भाऊ, मासोळी निघाली तं माही आहे बरं.’’

दुसऱ्या वेळी झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांची गाडी आली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी नाटकं असतात, आणि त्या मंडळींचा अर्धा जन्म गाडीत जातो. सूर्य कलला होता, प्रयोगाचं गाव अजून दूर होतं, म्हणून नटांनी गाडीतच रंग लावून घेतला होता. मी खाली वाकलेला आणि शेजारी मुकुट घातलेला राजा हातात पाना घेऊन उभा. मी म्हणालो, ‘‘महाराज, घाई करू नका, नट बरोबर बसू द्या.’’ तो म्हणाला, ‘‘करा भाऊ आरामानं. राजा मीच आहे. मी पोचल्याबिगर पडदा उघडत नाई.’’

असे किस्से पुष्कळ आहेत. पण मनात राहिलेली गाडी एकच, वामनराव गुरनुल्यांची. तिची गोष्ट सांगायची म्हणूनच मी लिहायला बसलो.

धान कापून खळ्यावर आलं होतं, ते दिवस. सकाळचे गिऱ्हाईक आटोपले होते. आष्टीच्या बाजूनं एक मिनीबस बैलाच्या चालीनं आली आणि माझ्या दुकानासमोर डाव्या अंगाला झुकून उभी राहिली. बस म्हणावी तर खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. टपावर सोलरची पाटी. मागच्या बाजूला दोरीवर एक लुगडं वाळत होतं आणि दाराशी तुळशीची छोटी कुंडी तारेनं बांधलेली होती.

ड्रायव्हरच्या जागेवरून साठी ओलांडलेला, काटक माणूस उतरला. उतरल्या उतरल्या तो माझ्याकडे न येता मागच्या चाकाकडे गेला. मी ओळखलं, हा जुना ड्रायव्हर आहे.

मी विचारलं, ‘‘कुठून आले भाऊ?’’

‘‘मूलवरून. कालच एक टायर फुटला, त्याले स्टेपनी लावली. आज आष्टीच्या पुढं आतला गेला. आता स्टेपनी नाई. एकट्या बाहेरच्यावर आणली इथवर.’’

अशा गाड्यांना मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं असतात, म्हणजे एका बाजूला दोन टायर लागून. त्यातला आतला गेला तर सगळा भार बाहेरच्यावर येतो. मी बाहेरच्याला हात लावला आणि लगेच मागे घेतला. आणखी थोडं अंतर चालली असती तर तोही गेला असता.

तेवढ्यात दारातून आवाज आला. ‘‘सांगा त्यायले. आता अजून एक फुटला तं मी लालगाडीत बसून घरी जाणार आहे.’’

दारात एक बाई उभ्या होत्या. उंच, सावळ्या, कपाळावर मोठं कुंकू. उतरायची पायरी उंच होती आणि त्यांचे गुडघे दुखरे असावेत, कारण त्या उतरल्या नाहीत, दांडा धरून तिथूनच बोलत होत्या. या शकुंतलाबाई, वामनरावांची बायको.

चहा मागवला आणि हळूहळू सगळं कळलं. वामनराव सरकारी बसवर ड्रायव्हर होते आणि आमच्या जिल्ह्यातल्या जंगलातल्या गाड्यांवर त्यांनी नोकरीचा मोठा काळ काढला होता. त्यातली बरीच वर्षं भामरागडच्या अंगाच्या जुव्वीगुडा या गावाला मुक्कामी गाडी. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी गावात पोचायची, ड्रायव्हर-कंडक्टरनं तिथेच झोपायचं आणि सकाळी तीच गाडी परत आणायची. इतक्या वर्षांत बाई त्या रस्त्यावर एकदाही गेल्या नव्हत्या. नोकरीतून सुटल्यावर वामनरावांनी एका शाळेची जुनी मिनीबस घेतली, मूलच्या सुताराला हाताशी धरलं आणि तिचं घर केलं. पलंग, स्वयंपाकाची जागा, संडास, फरशीखाली पाण्याची टाकी. बाईंना गुडघ्यांमुळे दुसऱ्याच्या घरी खाली बसणं जमत नव्हतं, म्हणून स्वतःचंच घर घेऊन त्या रस्त्यानं निघायचं.

वामनराव म्हणाले, ‘‘भाऊ, मले आता सातशे नाई पायजे. सव्वाआठशे लावून द्या. टाकी खाली घासते. पुढचा रस्ता मले माहीत आहे, नाल्यायवर पोट टेकते गाडीचं.’’

हे आकडे थोडे समजावतो. टायरच्या अंगावर ७.००-१६ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा आतल्या रिमचा व्यास, दोन्ही इंचात. आम्ही मधला टिंब सोडून सातशे-सोळा म्हणतो. त्याच्या वर साडेसातशे, त्याच्या वर सव्वाआठशे. रिमचा व्यास तोच, पण टायर रुंद होतो आणि उंचही होतो. लोकांना वाटतं, भोक जुळलं की टायर बसला. तसं नसतं. रुंद टायरला रिमही रुंद लागते. आणि जोडचाकात दोन टायरांच्या मधे फट राहावी लागते. दोघांचे गाल एकमेकांना लागले की ते घासतात, तापतात आणि फुटतात.

मी दोन बोटं जोडचाकाच्या फटीत घालून दाखवली. ‘‘वामनभाऊ, सव्वाआठशेनं ही फट राहणारच नाई. आणि समोर वळवताना मडगार्ड खाईल.’’

त्यांनी स्वतः वाकून पाहिलं, हातानं अंदाज घेतला आणि मान हलवली. ‘‘बरोबर आहे. मंग साडेसातशे?’’

‘‘साडेसातशे बसन. याच कंपनीच्या मोठ्या गाडीले तोच येते, कागदाचीही भानगड नाई. पण पहिले वजनकाट्यावर चला. टायर कायनं फुटून राह्यला ते पाहू.’’

गाडी टायरवर उभी नसते, हवेवर उभी असते. रबर फक्त ती हवा धरून ठेवतं. मोठ्या टायरात हवा जास्त मावते म्हणून तो भार जास्त पेलतो. पण भार किती आहे हे न बघता टायर बदलणं म्हणजे ताप न मोजता गोळी देणं.

फुटलेल्या जागी माझ्याकडचा जुना टायर लावला आणि गाडी राईस मिलच्या काट्यावर नेली. आधी पूर्ण गाडी तोलली. मग पुढची चाकं, मग मागची, मग फक्त डाव्या अंगाची. मागचा डावा कोपरा उजव्यापेक्षा कितीतरी जड निघाला. मी आत चढून पाहिलं तेव्हा कारण समोरच होतं. डाव्या बाजूला, चाकाच्या बरोबर वर, खऱ्या कडप्प्याचा स्वयंपाकाचा ओटा होता. चांगला जाड, काठ गोल केलेला, खाली विटांचा आधार. त्याच्यावर पाटा आणि वरवंटा. खाली सिलिंडर. आणि त्याच बाजूला फरशीखाली पाण्याची टाकी.

मी आजवर बसमधे बकऱ्या पाहिल्या, मोहाची पोती पाहिली, लग्नाचं अख्खं सामान पाहिलं. कडप्प्याचा ओटा पहिल्यांदा पाहत होतो.

मी हळूच म्हणालो, ‘‘भाऊ, हा ओटा काढावा लागेल.’’

वामनराव ओट्याच्या काठावरून हात फिरवू लागले. मग म्हणाले, ‘‘ते नाई होणार. दुसरं काहीही काढा.’’

लग्न झाल्यापासून बाई ओटा मागत होत्या. भाड्याच्या घरात खाली बसून चूल, मग खाली बसून स्टोव्ह. बांधू-बांधू म्हणता राहिलं, आणि तोवर गुडघे गेले. शेवटी वामनरावांनी ओटा बांधला तो गाडीत. त्यात त्यांचा जीव होता. मी टायरवाला, मी तिथे काय बोलणार?

दुकानाशी आल्यावर बाईच आतून मला म्हणाल्या, ‘‘राजन्नाभाऊ, कडप्पा काढला तं गाडी जाईल का?’’

‘‘कडप्पा काढला, टाकी उजवीकडं नेली आणि टायर साडेसातशे लावले, तं आरामात जाईल.’’

‘‘मंग काढा.’’

वामनराव दारात आले. ‘‘शकू, तुले ओटा पायजे होता ना?’’

‘‘होता. जवा खाली बसून रांधत होती तवा पायजे होता. आता उभं राहाले फळीही चालते. मले जुव्वीगुडा पाहाचं आहे.’’

वामनरावांचा चेहरा उतरला. ते बराच वेळ दुकानाच्या मागे चिंचेखाली जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या मागे गेलो नाही. काही गोष्टी ज्याच्या त्यानंच गिळायच्या असतात. थोड्या वेळानं ते आले आणि स्वतःच छिन्नी-हातोडा मागितला. कडप्पा त्यांनी इतक्या जपून उचकटला की एक टवका उडाला नाही. त्या जागी आलापल्लीच्या सुतारानं प्लायचा हलका ओटा केला आणि वर पत्रा ठोकला, टाकीही उजवीकडे घेतली.

साडेसातशेच्या रुंद रिमा आलापल्लीला मिळेनात, म्हणून दुसऱ्या दिवशी वामनराव चंद्रपूरला गेले. बाई गाडीतच राहिल्या. राजक्का त्यांच्याकडे भाजी घेऊन गेली आणि तिथेच रमली. एकीची तेलुगू वळणाची मराठी, दुसरीची झाडी बोली, पण दोघींचं चांगलं जुळलं. मी दाराशी जुने टायर उतरवत होतो, म्हणून बाईंचं बोलणं माझ्या कानावर आलं.

‘‘त्या गावात पाहाण्यासारखं काय आहे बाई?’’ असं राजक्कानं विचारलं होतं.

बाई म्हणाल्या, ‘‘गाव नाई पाहाचं. मी याले रोज डबा द्याची. मुक्कामावरून डबा परत याचा तो रिकामा, आणि राखेनं घासून लख्ख. हा माणूस घरी पाण्याचा पेला धूत नाई. तं माहा डबा कोण घासत होतं? एकदोनदा इचारलं, तं हसला आणि बाहेर गेला. मंग मीही इचारणं सोडलं. भांडण नाई बाई. आता या वयात कायचं भांडण? पण मले पाहाचं आहे.’’

राजक्का भाजी निवडत राहिली. मीही पाना खाली ठेवला नाही, काम करत राहिलो. पण तेव्हा मला समजलं की या बाईंनी कडप्पा का सोडला.

वामनराव रिमा घेऊन आले आणि काम सुरू झालं. त्यांनी विचारलं, ‘‘मागचे चारच बदलवले तं?’’ मी नाही म्हणालो. पुढे एक माप आणि मागे एक माप ठेवलं तर स्टेपनी कोणत्या एकाच्याच कामाची राहते, आणि जंगलात टायर सांगून फुटत नाही. सगळे सातही साडेसातशे केले. नव्या रिमांमुळे जोडचाकाची फटही मोकळी झाली.

पुढचं चाक वळताना घासतं का हे बघायला माझी एक पद्धत आहे. मडगार्डच्या आतून मऊ माती चिकटवायची आणि एक चाक फळीवर चढवून स्टेअरिंग पूर्ण फिरवायचं. मातीवर टायर उमटला तर समजायचं, घासतो. त्या दिवशी माती कोरडी होती. बाईंनी आतून कणकेचा गोळा दिला. वामनरावांनी चाक फिरवलं, मी वाकून पाहिलं. कणीक जशीच्या तशी होती.

मी म्हणालो, ‘‘साफ आहे.’’

वामनराव वरून म्हणाले, ‘‘नाई भाऊ, डाव्या बाजूले आवाज आहे.’’

मला काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी पुन्हा फिरवलं, मी कान लावला, तरी नाही. त्यांनी खाली उतरून नेमकं दाखवलं, चिखल उडू नये म्हणून लावलेल्या रबरी पडद्याचं टोक टायरला पुसत होतं. ते कापलं. तिथून पुढे मी त्यांच्या कानावर विश्वास ठेवला आणि त्यांनी माझ्या बोटांवर.

टायर मोठे झाले की आणखी दोन गोष्टी होतात. मीटर खरा वेग दाखवत नाही, थोडा कमी दाखवतो, कारण चाक एका फेऱ्यात जास्त जमीन कापतं. आणि गाडी चढावर जरा जड ओढते. हे मी सांगायच्या आधीच वामनराव एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, ‘‘चौथ्यात पहिल्यासारखी नाई ओढत. तिसऱ्यातच ठेवावी लागेल.’’

राहिली पायरी. गाडी बोटभर उंच झाली होती आणि बाईंना आधीचीच पायरी चढवत नव्हती. वेल्डरकडून दाराखाली घडी होणारी लोखंडी पायरी करून घेतली, बुटकी आणि रुंद. बाई त्यावरून दोनदा उतरल्या, दोनदा चढल्या आणि म्हणाल्या, ‘‘हे टायराच्या आधी कराचं होतं.’’

नवी रिम लावली की थोडं अंतर चालल्यावर नट पुन्हा कसावे लागतात, कारण रंगाचा थर दबतो आणि नट सैल होतात. हे मी वामनरावांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘मंग तुम्हीच चला ना. पेरमिलीले कसून द्या, आमच्यासंग जुव्वीगुडा पाहा, उद्या सकाळच्या गाडीनं वापस या.’’

मी नेहमीसारखा नाही म्हणणार होतो. त्या रस्त्यावरून आलेले टायर मी आयुष्यभर दुरुस्त केले. कोणत्या नाल्यातल्या दगडानं टायरचा गाल फाटतो ते टायर पाहून सांगेन. पण दुकान सोडून मी कधी तिकडे गेलोच नव्हतो. राजक्का म्हणाली, ‘‘जा. दुकानावर मी बसते. एक दिवस पंक्चर थांबतील.’’ मी पाना घेतला आणि चढलो.

वाटेतल्या पेरमिलीला नट कसले. बहुतेकांनी थोडा थोडा पीळ घेतला. पुढे रस्ता सागातून जात होता, पानं वाळून गळायला आलेली. एक नाला आला तिथे डांबर खचलं होतं. वामनरावांनी गाडी थांबवली, खाली पाहिलं, आणि मग अशी हळू उतरवली की आतला पेला हलला नाही. पोट टेकलं नाही. बाई पुढच्या सीटवर दांडा धरून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, ‘‘रोज इथूनच जात होते?’’ ते हो म्हणाले. ‘‘पावसातही?’’ पुन्हा हो. बाईंनी दांड्यावरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला.

दुपार कलता जुव्वीगुड्याला पोचलो. वामनरावांनी गावाबाहेरूनच हॉर्न दिला, दोन छोटे, एक लांब. घराघरातून माणसं बाहेर आली. मोहाच्या मोठ्या झाडाखाली त्यांनी गाडी जुन्या सवयीनं लावली असावी, कारण मागेपुढे करावीच लागली नाही. झाडाला लागून एक घर होतं आणि अंगणात एक म्हातारी सुपानं धान पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

ती म्हणाली, ‘‘जोहार दादा. तुही बस कुठी?’’

‘‘जोहार जानोबाई. बस गेली. आता हे घर आहे.’’

‘‘मंग राहाले आला?’’ असं विचारून ती दाराकडे पाहू लागली. शकुंतलाबाई पायरीवरून उतरत होत्या. खाली पोचून त्या उभ्या राहिल्या. दोघी एकमेकींना पाहत होत्या. वामनराव मधे उभे होते आणि त्यांना हात कुठे ठेवावे हे सुचत नव्हतं.

जानोबाई जवळ आली, बाईंचं तोंड नीट पाहिलं आणि म्हणाली, ‘‘तू डबावाली.’’

बाई म्हणाल्या, ‘‘होय.’’

‘‘तुह्या पोळ्या खाऊन माह्या दोघी पोरी मोठ्या झाल्या. गोड पोळी आली की भांडत होत्या. मी डबा घासून देत होती. राखेनं. साफ राहे ना?’’

‘‘साफ राहे.’’ बाई म्हणाल्या. ‘‘मंग हा काय खात होता?’’

‘‘आमच्यासंग. जावा, आंबाडी. कधी लाल मुंग्यायची चटणी.’’

बाई सावकाश नवऱ्याकडे वळल्या. ‘‘मुंग्या? घरी वांग्यात बी जास्त निघाली तं ताट सरकवते हा माणूस.’’

वामनराव टायरकडे पाहू लागले. मीही टायरकडेच पाहू लागलो. जानोबाईनं सांगितलं, वामनरावांची गाडी सुरू झाली त्या वर्षी तिचा नवरा वारला होता, पोरी लहान होत्या, आणि मोहाखाली उभ्या गाडीत हा ड्रायव्हर डबा उघडून बसला की पोरी येऊन चाकाशी उभ्या राहायच्या. मग त्यानं डबा त्यांना दिला. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला जावा, म्हणजे पातळ पेज दिली. ते तसंच चालू राहिलं. बस्स, एवढंच होतं.

मला वाटलं, बाई आता रडतील किंवा चिडतील. त्यांनी पदर नीट केला आणि नवऱ्याला म्हणाल्या, ‘‘सांगाचं होतं ना. दोन पोळ्या जास्त टाकल्या असत्या.’’

वामनराव म्हणाले, ‘‘तू मन लावून करत होती. मी दुसऱ्याले देतो म्हटलं असतं, तं तुले वाईट वाटलं असतं.’’

‘‘न सांगितल्याचं जास्त वाटलं.’’ एवढं बोलून त्या वळल्या, जानोबाईचा हात धरून तिला गाडीत चढवलं आणि आपलं घर दाखवू लागल्या. आतून जानोबाईचं हसू ऐकू आलं. बहुतेक संडास पाहून.

संध्याकाळी बाईंनी प्लायच्या ओट्यावर कणीक मळली. जानोबाईच्या दोघी पोरी आपापली लेकरं घेऊन आल्या होत्या. गोड पोळीवर त्या लेकरांचंही भांडण झालं. वामनरावांना कोणी वाढलंच नाही, त्यांनी आपलं ताट आपण घेतलं. मुंग्यांची चटणी मीही चाखली. आंबट लागते, चांगली लागते.

सकाळी वामनराव भामरागडला निघायची तयारी करू लागले, तर बाई अंगणात सूप घेऊन बसलेल्या. ‘‘तुम्ही इतकी वर्षं इथी राह्यले. मी चार दिवस राहीन तं काय बिघडते?’’ मी लालगाडी धरून परत आलो.

ती दोघं दर हिवाळ्याला येतात. टायर सगळे एकसारखे झिजून राह्यले आहेत, आणि टायरवाल्याला याहून मोठी शाबासकी कोणती? मागच्या खेपेला बाईंनी राजक्काला स्पष्ट सांगितलं की या वर्षी सिरोंचा, तुमचं माहेर, आणि तुम्ही दोघं आमच्यासंग. मी गिऱ्हाइकांचं कारण काढलं. राजक्कानं सरळ शटर ओढलं आणि कुलूप लावलं. दुकान बंद आणि घरी मयत नाही, असं पहिल्यांदाच झालं. बाजूचा चहावाला काळजीनं विचारायला आला होता.

राजक्का खिडकीशी बसली होती. सिरोंच्याच्या रस्त्यावर प्राणहितेचं पात्र दिसायला लागलं तशी ती वळणावळणावर मला नावं सांगत होती, कोणाचं शेत, कोणाची आमराई, लहानपणी कुठे बैलगाडी उलटली. माझ्या डोक्यात त्या वळणांची नावं वेगळी होती. हा गाल फाडणारा दगड, तो रिम वाकवणारा खड्डा. मी ती सांगितली नाहीत. तिची नावं चांगली होती.

मधे एका ठिकाणी वामनरावांनी गाडी उभी केली आणि उतरले. राजक्कानं मला कोपरानं ढोसलं. म्हणाली, ‘‘चाक पाहत असतील. तुम्ही नाही उतरत?’’

मी पाय आणखी लांब केले. म्हटलं, ‘‘मी आज पाव्हणा आहे.’’